एक दिवसाआड पंचवीस: व्हॅल्प्रोएटवरून लॅमोट्रिजिनवर येताना

औषध: लॅमोट्रिजिन, २५, ५०, १०० आणि २०० मिग्रॅच्या गोळ्या. कोणासाठी: बायपोलर (मन कधी अति चढतं, कधी खोल बुडतं असा आजार) असलेल्या, त्यासाठी सध्या व्हॅल्प्रोएट हे दुसरं औषध चालू असलेल्या आणि डॉक्टरांशी बोलून त्यावरून उतरायचं ठरलेल्या मोठ्या माणसांसाठी. लहान मुलांचे डोस आणि धोके वेगळे असतात, ते इथे नाहीत.

औषध चांगलं आहे. वजन वाढवत नाही, दिवसभर झापड आणत नाही, दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला लावत नाही. तक्रार एकच, पण ती मोठी आहे: याचा वेग बैलगाडीचा, आणि पळवायला गेलं की गाडी उलटते. अंगात व्हॅल्प्रोएट असेल तर हीच गाडी आणखी निम्म्या वेगानं हाकावी लागते. बहुतेक घोटाळे या वेळापत्रकातच होतात, म्हणून हे परीक्षणही निम्म्याहून जास्त वेळापत्रकाचंच आहे. मिलिग्रॅमचे आकडे छापील माहितीपत्रकांतले आहेत. तुमच्या चिठ्ठीवर यापेक्षा हळू चढवायला सांगितलं असेल तर तसंच करा. यापेक्षा भरभर लिहिलं असेल तर पहिली गोळी घेण्याआधी फोन करून विचारा.

व्हॅल्प्रोएट वाईट औषध नाही. चढलेला मॅनिया (मन अति चढल्याचा झटका) उतरवण्यात ते लॅमोट्रिजिनच्या कितीतरी पुढे आहे. तरी लोक उतरतात, कारण वजन काट्यावर दिसतं, केस कंगव्यात येतात, हात थरथरतात, कुणाची पाळी पुढे जाते नि सोनोग्राफीत पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोनचा बिघाड) निघतं. सगळ्यात मोठं कारण मात्र गर्भाचं आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या बायकांच्या दर शंभर बाळांपैकी साधारण दहांत जन्मजात दोष आढळतात, आणि तीस ते चाळीस मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढीवर परिणाम होतो. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२४ पासून ५५ वर्षांखालच्या कुणालाही, पुरुषांनासुद्धा, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे मान्य केल्याशिवाय हे औषध नव्यानं सुरू करता येत नाही. आपल्याकडे विशीतल्या मुलीला व्हॅल्प्रोएट लिहून दिलं जातं, आणि गर्भाचा विषय निघतो तो लग्न ठरल्यावर. मुहूर्त दोन महिन्यांवर असताना ही बदलाबदल करू नये. पुढचा हिशेब वाचला की का ते कळेल.

लॅमोट्रिजिनचं काम काय, हे आधी पक्कं समजून घेतलेलं बरं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेनं २००३ मध्ये बायपोलर वनसाठी (ज्यात पूर्ण मॅनिया होतो तो प्रकार) त्याला मान्यता दिली ती पुढचे झटके लांबवण्यासाठी, आणि त्यातही त्याचा जोर डिप्रेशनवर आहे. मॅनियाच्या बाजूला त्याची राखण कमजोर. आत्ता चढलेला मॅनिया उतरवायला तर त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणजे ज्याचा आजार बहुतांशी खाली बुडण्याचा आहे, बायपोलर टू (ज्यात मन चढतं ते सौम्य, बुडतं ते खोल) आहे, त्याला हे औषध शोभतं. ज्याला दर दीड-दोन वर्षांनी दवाखान्यात भरती करावं लागेल असा मॅनिया होतो, त्याचं व्हॅल्प्रोएट काढून नुसतं लॅमोट्रिजिन देणं म्हणजे ऐन जूनमध्ये छप्पर काढून जमीन सारवणं. अशा माणसाला सोबत लिथियम किंवा एखादं अँटीसायकॉटिक लागतं. बदलाचा बेत डॉक्टर सांगत असताना हा एक प्रश्न विचाराच: मॅनियाची बाजू आता कोण सांभाळणार? उत्तर गोळीच्या नावानं यायला हवं.

आता वेग निम्मा का, ते. लॅमोट्रिजिनची विल्हेवाट यकृत लावतं, आणि व्हॅल्प्रोएट यकृताचा नेमका तोच रस्ता अडवतं. एकट्यानं घेतलेल्या लॅमोट्रिजिनची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला साधारण २५ ते ३३ तास लागतात. व्हॅल्प्रोएट असेल तर तो काळ ६० तासांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. गोळी तीच, रक्तात साचणारं औषध दुप्पट. अंगावरच्या धोकादायक पुरळाची जोखीम वाढवणाऱ्या ज्या गोष्टी नीट माहीत आहेत, त्या याच: सुरुवातीचा डोस जास्त, चढण भरभर, आणि सोबत व्हॅल्प्रोएट. तिन्ही एकत्र आल्या तर व्हायचं ते होतं.

म्हणून व्हॅल्प्रोएट चालू असताना सुरुवात अशी: पहिले दोन आठवडे २५ मिग्रॅ एक दिवसाआड. तिसरा-चौथा आठवडा २५ रोज. पाचवा आठवडा ५० रोज. सहाव्यापासून १०० रोज, आणि व्हॅल्प्रोएट चालू आहे तोवर मुक्काम तिथेच. कारण व्हॅल्प्रोएटसोबतचे १०० म्हणजे एकट्याचे २००. व्हॅल्प्रोएट किंवा कार्बामाझेपिनसारखं (हेही फिटांचं औषध) यकृताच्या त्या रस्त्यात ढवळाढवळ करणारं काही नसेल तर वेळापत्रक दुसरं: दोन आठवडे २५ रोज, दोन आठवडे ५० रोज, पाचवा आठवडा १००, सहाव्यापासून २००.

दोन्ही वेळापत्रकं दिसायला सारखी आणि कानाला तर एकच. पडताळा घ्यायची सोपी युक्ती म्हणजे गोळ्या मोजणं. २५ ची गोळी धरली तर व्हॅल्प्रोएट असणाऱ्याला पहिल्या चार आठवड्यांत २१ गोळ्या लागतात, नसणाऱ्याला ४२. घरी आणलेल्या गोळ्या महिन्याच्या हिशेबानं चाळीसच्या पुढे असतील आणि शेजारच्या डबीत व्हॅल्प्रोएट असेल, तर कुठेतरी चुकलंय. चिठ्ठी उघडा, दवाखान्यात फोन लावा, तोवर पहिली गोळी घेऊ नका. ही चूक बऱ्याचदा तिथे होते जिथे व्हॅल्प्रोएट एका डॉक्टरनं फिटसाठी किंवा अर्धशिशीसाठी दिलंय आणि लॅमोट्रिजिन दुसऱ्यानं मनाच्या आजारासाठी. दोघांपुढे एकच कागद गेलेला नसतो.

'एक दिवसाआड' ऐकायला सोपं, पाळायला अवघड. अनेकजण विषम तारखांना घ्यायचं ठरवतात. महिना ३१ चा असला की ३१ आणि १ लागोपाठ येतात आणि गोळीही लागोपाठ जाते. वार धरले तरी आठवडा सातचा असल्यामुळे सोमवार-बुधवार-शुक्रवार-रविवारनंतर पुढचा आठवडा मंगळवारपासून धरावा लागतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या कालनिर्णयवर चौदा दिवसांचे चौकोन आधीच खुणावून ठेवावेत: गोळीच्या दिवशी गोल, सुट्टीच्या दिवशी फुली, आणि गोळी घेतली की गोल पेनानं भरायचा. सात गोल भरले की दोन आठवडे झाले. गोळ्यांच्या डबीवर भरवसा ठेवायचा तर सुट्टीच्या दिवसाच्या कप्प्यात चुरमुऱ्याचा दाणा टाका. रिकामा कप्पा पाहून 'भरायचा राहिला वाटतं' म्हणून घरातलं कुणीतरी मायेनं गोळी टाकतं.

गोळीची वेळ कोणतीही चालते, जेवणाशी संबंध नाही. काहींना यानं झोप उडते किंवा फार ठळक स्वप्नं पडतात. त्यांनी डॉक्टरांना सांगून सकाळची वेळ धरावी. बायपोलरमध्ये उडालेली झोप हे औषधाचं कारण की येऊ घातलेल्या मॅनियाचं, हा घोळ नको असेल तर पहिल्यापासूनच सकाळ बरी.

दुकानातली बाजू. लॅमिटॉर, लॅमेटेक, लॅमोसिन ही आपल्याकडची ओळखीची नावं. औषध तेच, आणि त्यात डावं-उजवं करण्यासारखं आमच्याकडे काही नाही. एकदा एक घेतलं की शक्यतो तेच धरा, इतकंच. 'ताई, कंपनी वेगळी, कंटेंट सेम' हे काउंटरवरचं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं, पण चढण चालू असताना गोळीचा रंग-आकार बदलला की मोजणी चुकते आणि पुरळ आलं तर संशयाला आणखी एक वाट फुटते. चढण संपल्यावर बदललं तर एवढं बिघडत नाही.

पट्टीवर तीन गोष्टी वाचायच्या. पहिली, पूर्ण नाव. 'लॅम'पासून सुरू होणारं दुसरं औषध लॅमिव्हुडिन आहे, एचआयव्ही आणि कावीळ बी साठीचं, आणि हस्ताक्षर डॉक्टरी असलं की दोन्ही नावं एकच दिसतात. दुसरी, मात्रा. २५ शिल्लक नाही म्हणून '१०० ची न्या, चार तुकडे करा' असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. गोळीचे चार सारखे तुकडे ब्लेडनं होत नाहीत, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत २५ च्या जागी ४० जाणं हीच तर भीती आहे. तिसरी, नावापुढची अक्षरं. डीटी म्हणजे पाण्यात विरघळणारी, ती चालते. पट्टीवर ओडी असेल तर ती हळूहळू सुटणारी गोळी, ती फोडायची-चावायची नाही, आणि सुरुवातीच्या लहान डोसांसाठी ती सोयीचीही नाही. घोळ असा की चिठ्ठीवर डॉक्टर ओडी लिहितात ते 'दिवसातून एकदा' या अर्थानं. लिहिलेलं एक, वाचलेलं दुसरं. डॉक्टरांनी गोळी साधी की ओडी हे शब्दांत लिहावं, हा आग्रह पेशंटनं धरायला हरकत नाही.

आणि कापलेली पट्टी. सात गोळ्या लागतात म्हणून दुकानदार कात्रीनं पट्टी कापून देतो आणि नाव, मात्रा, मुदत नेमकी त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. घरी व्हॅल्प्रोएट, झोपेची गोळी आणि लॅमोट्रिजिन असे तीन बिननावाचे चंदेरी तुकडे एका डब्यात पडले की काय होतं हे सांगायला नको. पूर्ण पट्टी घ्या. चार पैसे जास्त जातील.

पुरळाकडे वळू, कारण या औषधाची सगळी बदनामी त्यापायी आहे. साधं, आपोआप जाणारं पुरळ साधारण दहातल्या एकाला येतं. घातक, म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन वर्गातलं (कातडी आणि तोंडाची आतली त्वचा सोलवटणारं) पुरळ मोठ्या माणसांत हजारात एकाच्या आसपास, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात. आकडा लहान आहे, पण पहिल्या दिवशी दोन्ही पुरळं सारखीच दिसू शकतात. म्हणून नियम सरसकट आहे: पहिल्या दोन-अडीच महिन्यांत अंगावर काहीही उठलं आणि त्याला दुसरं ढळढळीत कारण नसेल, तर पुढची लॅमोट्रिजिनची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. व्हॅल्प्रोएट मात्र आपल्या मनानं थांबवायचं नाही. पुरळासोबत ताप, डोळे लाल, ओठ-तोंडात फोड, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी किंवा सोलवटलेली कातडी असेल तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, थेट मोठ्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत जा. पट्टी सोबत न्या.

आपल्याकडे इथे दोन वाक्यं आडवी येतात. 'पित्त उठलंय, अमसुलाचं पाणी लाव' आणि 'तोंड आलंय, बी कॉम्प्लेक्स घे'. एरवी दोन्ही ठीक. लॅमोट्रिजिनच्या पहिल्या दोन महिन्यांत ही दोन वाक्यं घरात बंद. तोंड येणं हे इथे उष्णतेचं लक्षण धरायचं नाही. ॲलर्जीची गोळी घेऊन खाज दबते, पुरळाचा रंग फिका पडतो आणि डॉक्टरांना दिसतं ते अर्धवट. आधी उजेडात फोटो काढा, फोनमध्ये तारीख आपोआप राहते, मग बाकीचं.

ऋतूचाही विचार करावा. एप्रिल-मेमध्ये सुरू केलं तर घामोळ्या, जुलै-ऑगस्टमध्ये जांघेतलं-काखेतलं गजकर्ण. दर चार दिवसांनी पोटात गोळा. जमत असेल तर दिवाळीनंतरची सुरुवात शांत जाते. औषधाची गरज तातडीची असेल तर अर्थात ऋतू बघायचा नाही. नवा साबण, नवा हेअर डाय, अंगाला लावायचं नवं तेल हे सगळं त्या दोन-अडीच महिन्यांत टाळा. त्यानं पुरळ टळत नाही, पण आलंच तर दोषी शोधायला एकच संशयित उरतो. घशासाठी, लघवीसाठी अँटिबायोटिक लागलं तर देणाऱ्या डॉक्टरला लॅमोट्रिजिन नुकतंच सुरू झालंय हे सांगा. सल्फाची गोळी त्याच आठवड्यात आली आणि अंगावर लाली उठली तर दोन्ही औषधं कायमची हातची जातात.

पहिले चार आठवडे काही वाटत नाही. वाटू नये, इतका डोस लहान असतो. 'सुरू होऊन तीन आठवडे झाले, कवडीचा फरक नाही' ही तक्रार औषधाबद्दलची नसून चढणीबद्दलची आहे. डिप्रेशन आत्ता खोल असेल तर या रिकाम्या दीड महिन्यासाठी दुसरी सोय लागते. डॉक्टर बऱ्याचदा क्वेटियापिन हे अँटीसायकॉटिक लावतात, आणि ते लावणं म्हणजे लॅमोट्रिजिन फसलं असं नाही. या काळात जगणं नकोसं वाटायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. घरातल्या एकाला सांगा, डॉक्टरांना गाठा, आणि कोणीच हाताशी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. अमुक डोस चढवू का, असल्या प्रश्नांना तुमची फाइल माहीत असलेला डॉक्टरच हवा. रात्री दोन वाजता मनातला काळोख बोलून दाखवायला मात्र तो नंबर जरूर वापरावा.

दोन्ही औषधं एकत्र असतानाच्या काळात हातांची थरथर वाढू शकते. चहाचा कप बशीवर वाजायला लागतो. चक्कर, डोकं दुखणं, एकाचं दोन दिसणं हेही डोस जास्त होतोय याच्या खुणा. सांगायच्या, सोसायच्या नाहीत.

आता व्हॅल्प्रोएट उतरवणं, आणि खरी कसोटी इथे आहे. चढण पूर्ण होऊन १०० वर स्थिरावल्यावरच उतरण सुरू करायची. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा सल्ला असा की किमान चार आठवडे तरी घ्यावेत. एकदम बंद केलं तर मॅनिया उसळू शकतो, आणि ज्याला फिटही येतात त्याला फिट.

आधी पट्टीचं गणित. क्रोनो ही व्हॅल्प्रोएटची हळूहळू सुटणारी गोळी, तिच्या ५०० च्या पट्टीवर सोडियम व्हॅल्प्रोएट ३३३ आणि व्हॅल्प्रोइक ॲसिड १४५ असं छापलेलं असतं. बेरीज ४७८ येते आणि लोक गोंधळतात. ती गोळी ५०० चीच धरायची. क्रोनो २००, ३०० आणि ५०० अशी मिळते, त्यामुळे १००० वर असलेल्या माणसाची उतरण गोळी न फोडता बसवता येते: ५०० अधिक ३००, मग नुसती ५००, मग ३००, मग २००, मग शून्य. प्रत्येक पायरीवर एक आठवडा की दोन हे डॉक्टर ठरवतील. डिव्हॅलप्रोएक्सची (हाही व्हॅल्प्रोएटचाच प्रकार) ईआर, म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी घेत असाल तर तिची मात्रा क्रोनोशी किंवा साध्या डिव्हॅलप्रोएक्सशी मिग्रॅला मिग्रॅ जुळत नाही. मधेच एकीच्या जागी दुसरी घेऊन उतरण करू नका.

न सांगितली जाणारी गोष्ट ही: व्हॅल्प्रोएटचा लॅमोट्रिजिनवरचा पगडा डोसाबरोबर सरळ रेषेत उतरत नाही. दिवसाला ५०० च्या आसपासच तो जवळजवळ पूर्ण असतो. म्हणजे १००० वरून ५०० वर आलात तरी लॅमोट्रिजिनची पातळी फारशी हलत नाही. हलते ती शेवटच्या ५०० वरून शून्यावर येताना, आणि तेव्हा ती निम्म्यावर येते. पेशंटला वाटतं अवघड भाग संपला, आता उरलाय तुकडा, टाकू सोडून. तो तुकडाच तर लॅमोट्रिजिनला धरून होता. शेवटची गोळी बंद झाल्यावर लॅमोट्रिजिन वाढवलं नाही, तर कागदावर १०० चालू असतात आणि रक्तात पूर्वीच्या निम्मं. मग तीन-चार आठवड्यांनी सकाळी उठवत नाही, आणि ठपका येतो 'लॅमोट्रिजिन सूट झालं नाही' असा.

अमेरिकी माहितीपत्रकात व्हॅल्प्रोएट थांबल्यावरची पायरी दिली आहे: १०० वर असलेल्याला पहिल्या आठवड्यात १५०, दुसऱ्यापासून २००. युरोपातलं पत्रक पहिल्याच आठवड्यात दुप्पट करतं. दोन्ही चालतात. ही वाढ म्हणजे खड्डा भरणं आहे, डोस चढवणं नाही, त्यामुळे '२०० झाले, बापरे' असं घाबरायचं कारण नाही. उलट चूकही होते: १०० वरून २०० आधी केलं आणि व्हॅल्प्रोएट अजून चालूच आहे. तेव्हा रक्तात जातात जवळपास एकट्याच्या ४०० इतके. क्रम विसरू नये. शेवटच्या भेटीतच डॉक्टरांकडून दोन तारखा लिहून घ्या: व्हॅल्प्रोएटची शेवटची गोळी कोणत्या दिवशी, आणि लॅमोट्रिजिनचे १५० कोणत्या दिवसापासून.

उतरणीत आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत घरच्यांनी एकच गोष्ट मोजावी, झोप. सहा तासांची चार झाली, चारची तीन, आणि माणूस तरीही सकाळी टवटवीत, बोलणं भरभर, ऑनलाइन खरेदीची खोकी दाराशी. अशा दोन-तीन रात्री लागोपाठ गेल्या की तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे. 'बाई खूप दिवसांनी हसली' या आनंदात हा आठवडा निसटतो. व्हॅल्प्रोएट गेल्यावर वजन लगेच उतरत नाही, केस यायलाही महिने जातात. तेवढ्यासाठी सोडणाऱ्यांनी धीर धरावा.

राहून गेलेली गोळी. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. सलग पाचेक दिवस चुकले तर मात्र खेळ पहिल्या घरापासून. २०० वर असलेला माणूस गावी लग्नाला गेला, पट्टी घरी राहिली, आठवड्यानं परत येऊन पुन्हा थेट २००, हा घातक पुरळाकडे नेणारा हमरस्ता आहे. पुन्हा २५ पासून चढावं लागतं, आणि तेही डॉक्टरांना विचारून. या एका बाबतीत औषधाला गुण कमीच द्यावे लागतील. विसराळू माणसाला ते माफ करत नाही. पाकिटात दोन गोळ्या, ऑफिसच्या खणात नाव असलेली एक पट्टी, हा त्यावर उपाय.

बायकांसाठी आणखी एक पदर आहे. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी लॅमोट्रिजिनची पातळी साधारण निम्म्यानं खाली आणते, आणि गोळ्यांच्या सात दिवसांच्या खंडात ती पुन्हा वर जाते. महिन्याच्या महिन्याला मन वर-खाली होतंय आणि कारण सापडत नाही, तेव्हा हे तपासा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आहे का, हेही सणासुदीला मागताना विचारून घ्या. गरोदरपणात पातळी बरीच घसरते आणि डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर ती काही दिवसांत उसळून येते, म्हणून वाढवलेला डोस लगेच उतरवायचा बेत आधीच लिहून ठेवलेला हवा. एरवी या औषधाला रक्तातली पातळी तपासायची गरज नसते, पण मूल हवं असेल तर त्याआधी एकदा तपासून आकडा फाइलला लावून ठेवावा. पुढे तुलना त्याच्याशीच होते.

फॉलिक ॲसिडबद्दल एक टीप, तिचा निकाल अजून लागलेला नाही. २०१६ मध्ये छापून आलेल्या सेक्वेल या ब्रिटिश चाचणीत लॅमोट्रिजिननं बायपोलर डिप्रेशनमध्ये फायदा दाखवला, पण सोबत फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत तो फायदा दिसेनासा झाला. गरोदरपणाच्या आधी आणि सुरुवातीला फॉलिक ॲसिड हवंच, ते या टिपेवरून बंद करू नका. नुसती ताकद येते म्हणून वर्षानुवर्षं घेत असाल तर मात्र डॉक्टरांशी बोला. टीबीचे उपचार सुरू झाले तर रिफाम्पिसिन लॅमोट्रिजिन भराभर संपवतं. टीबीच्या दवाखान्यातही ही गोळी चालू असल्याचं सांगा.

लिथियमवरून किंवा क्वेटियापिनवरून येणाऱ्यांना एकट्याचंच वेळापत्रक लागू. लिथियम काढायचं ठरलंच तर किमान चार आठवडे, जमल्यास तीन महिने घेऊन. कार्बामाझेपिन असेल तर सगळं उलटं, लॅमोट्रिजिन लवकर संपतं, डोस जास्त लागतो, आणि ते काढताना पातळी वाढते. तो वेगळा हिशेब आहे.

खर्चाचं म्हणाल तर लिथियमपेक्षा हे महाग, आणि ब्रँडाब्रँडांत फरक चांगलाच. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ प्रमाणे आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत फुकट मिळायला हवीत. बायपोलरसाठी राष्ट्रीय यादीत लिथियम आणि व्हॅल्प्रोएट आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीची मनोरुग्णालयं किंवा जिल्हा रुग्णालय यांच्या भरवशावर उपचार चालू असतील, तर लॅमोट्रिजिन सुरू करण्याआधी खिडकीवर जाऊन २५ आणि १०० दोन्ही मात्रा नियमित येतात का, ते विचारा. मधेच साठा संपला नि आठवडा गेला तर वर सांगितलेला पाच दिवसांचा नियम सरकारी सुट्ट्या बघत नाही.

शेवटी खणातल्या उरलेल्या व्हॅल्प्रोएटच्या पट्ट्या. 'असू दे, लागेल' म्हणून त्या फ्रिजवरच्या डब्यात राहतात. सहा महिन्यांनी एखाद्या बेचैन रात्री घरातलंच कुणी त्यातली एक काढून देतं, आणि २०० मिग्रॅ लॅमोट्रिजिनवर व्हॅल्प्रोएट पुन्हा येऊन बसतं. ते मुद्दाम पुन्हा सुरू करायचं असलं तरी लॅमोट्रिजिन आधी निम्मं करावं लागतं. उतरण संपून डॉक्टरांनी 'आता नको' म्हटलं की गोळ्या पट्टीतून काढा, वापरलेल्या चहापत्तीत मिसळून पिशवी बांधून कचऱ्यात टाका, आणि फाइलमधल्या जुन्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारून तारीख घाला.